काउंटरखालची आत्या

आत्या पडली त्या दुपारी तिनं दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. दोघांनाही ती दिसली नाही. नुसता आवाज ऐकू आला, काउंटरच्या खालून आणि अगदी ठणठणीत, "थोड्या वेळानं या, कामात आहे!"

काम काय, तर उताणं पडून छत बघणं.

आत्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. मध्ये उभं राहून दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं टेकतील एवढं अरुंद. मागे लाकडी जिना, जिन्यावर तिची राहायची खोली. त्या दुपारी एका जुन्या मनगटी घड्याळाचा स्क्रू, तिळाच्या निम्म्याएवढा असेल नसेल, चिमट्यातून टुणकन उडाला. तो शोधायला ती काउंटरमागे वाकली, तोल गेला, बसली आणि बसली ती आडवीच झाली. हाड मोडलं नाही, डोकं आपटलं नाही, साधा ओरखडासुद्धा नाही. फक्त उठता येईना. एका अंगाला काउंटर, दुसऱ्या अंगाला सुट्या भागांचं कपाट आणि मध्ये आत्या, पुस्तकांच्या फळीत तिरक्या घुसलेल्या वहीसारखी.

शाळेतून परत येताना भाची दुकानात डोकावली तेव्हा कुठे हा प्रकार उघड झाला.

"अगं मग त्या लोकांना हाक नाही का मारायची?" भाची ओरडलीच.

"आणि काय सांगायचं? घड्याळवाली बाई स्वतःच्याच दुकानात उलटलीय म्हणून? चल, बडबड नंतर कर. उचल मला."

भाचीनं तिच्या काखेत हात घातले आणि एका दमात उभी केली. त्यात तिला काही विशेष वाटलं नाही. किंवा खरं सांगायचं तर बरंच विशेष वाटलं, पण ती वेळ तसं दाखवायची नव्हती. गेल्या वर्षापर्यंत खेळाच्या तासाला पोट दुखतंय म्हणून बाकावर बसणारी ही मुलगी आता जिममध्ये जायची. वजन उचलताना ती असा काही फुसकारा सोडायची की तिथल्या ट्रेनरताईनं तिचं नाव 'इंजिन' ठेवलं होतं, आणि ते नाव आता घरापर्यंत पोचलं होतं. शाळेत पाण्याचा भरलेला जार दोन जिने चढवायचा असला तर मुलं एकमेकांकडे बघत बसायची, तोवर इंजिन जार खांद्यावर टाकून अर्ध्या जिन्यात असायची. बाह्या कायम दुमडलेल्या. थंडीतसुद्धा.

पण आत्या पडली ही बातमी काही दुकानात राहणारी नव्हती. संध्याकाळी काका आले.

काका म्हणजे आत्याचे सगळ्यात धाकटे भाऊ. टक्कल पडलं, पोट सुटलं, तरी आत्या त्यांना अजून बाळ म्हणायची. ते विम्याचं काम करायचे, त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूत त्यांना एक अपघात दिसायचा. दुकानात आल्या आल्या त्यांना जिना दिसला, जिन्याची झिजलेली कड दिसली, वायर दिसली, स्टूल दिसलं. मग ते त्याच स्टुलावर बसून म्हणाले, "ताई, आता पुरे. दुकान बंद, खोली रिकामी, तू आमच्याकडे. मागची खोली तुझीच समज. खिडकी आहे, टीव्ही आहे, तुझी वहिनी आहे."

"आणि घड्याळं?"

"आहे की एक. हॉलमध्ये, भिंतीवर."

एरवी अशा वाक्यावर आत्यानं काकांना सोलून काढलं असतं. पण ती नुसती भिंग पुसत बसली. एकदा पुसून झालं, परत पुसायला घेतलं. ते इंजिननं टिपलं. आत्या भांडत नाहीये म्हणजे आत्या घाबरलीय. इतका वेळ जमिनीवर पडून तिनं काय काय विचार केला असेल कोण जाणे.

"काका," इंजिन मध्येच बोलली, "आत्या जमिनीवरून स्वतःची स्वतः उठली तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची भीती हीच ना, की ती परत पडली आणि मी नसले तर? मग ती पडली तरी उठू शकते हे दाखवलं तर राहू द्याल तिला इथं?"

काकांनी विचार केला. विम्याचा माणूस अटी घातल्याशिवाय हो म्हणत नाही. "कुणाचा हात नाही. स्टूल, काउंटर, कशाकशाचा आधार नाही. आणि तुझी सुट्टी संपायच्या आत. नंतर मला कारणं नकोत."

"चालेल. मी तयार करते तिला."

"तू?"

इंजिननं दंड वळवून दाखवला. काकांना हसायचं नव्हतं, पण हसू आलं.

"बघितलंस का ताई? ही तुझी डॉक्टर!"

"डॉक्टर नको," आत्या भिंग खाली ठेवत म्हणाली. "पण प्रयत्न करायला काय जातंय."

इंजिनचं म्हणणं सोपं होतं. अंगात ताकद असली की बाकी सगळं आपोआप येतं. तिला आलं होतं की! वर्गात हात वर करायची धिटाई आली, रस्त्यात कुणी काही बोललं तर थांबून 'काय म्हणालात?' विचारायची आली. सगळं एका लोखंडी दांड्यानं दिलं होतं. मग आत्याला नुसतं उठता यायला काय हरकत?

सुट्टी लागली आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तालीम सुरू झाली. डंबेल छातीशी धरून स्टुलावर बसायचं, उठायचं. काउंटरला हात टेकून छाती खाली न्यायची आणि ढकलून वर यायचं. शटरच्या कडीला रबरी पट्टा बांधून तो पोटाशी ओढायचा. आत्या पहिल्या दिवशी म्हणाली, "मेले." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कालच मेले होते, आज हे काय आहे?" पण चुकवलं एकदाही नाही. घड्याळवाल्या माणसाला वेळ चुकवायचा सरावच नसतो.

घरच्यांनीही हातभार लावला. काकांनी स्टुलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे मारून ते उंच करून दिलं, म्हणजे उठताना गुडघ्यांना त्रास नको. इंजिनच्या बाबांनी भिंतीवर फळ्या ठोकल्या आणि कपाटातले खालचे खण रिकामे करून सगळं सामान वर चढवलं. चहाचा डबा वर, चपला ठेवायला उंच घडवंची, झाडूला लांब दांडा. इंजिन डंबेल काउंटरवर मांडून ठेवायची. "आता तुला खाली वाकायची गरजच नाही, आत्या," ती सांगायची आणि स्वतःवर खूश व्हायची.

आणि फरक पडला, हे कुणीही नाकारलं नसतं. पूर्वी शटर उचलायला आत्या शेजारच्या शिंप्याला हाक मारायची. आता तिनं एकटीनं खर्रकन वर नेलं, तेव्हा शिंपी कात्री हातात तशीच धरून बाहेर आला.

"काय हो बाई, तेल घातलंत का शटरला?"

"शटरला नाही. मला," आत्या म्हणाली.

भिंतीवरचं लंबकाचं अवजड घड्याळ ती एकटी खाली काढायला लागली. दंडावर हलकीशी गोटी दिसायला लागली, ती गिऱ्हाइकांना दिसावी म्हणून बाही आता तिचीही दुमडलेली असायची. इंजिनला वाटलं, झालं. निम्मी सुट्टी शिल्लक आणि गड सर.

म्हणून एका सकाळी ती म्हणाली, "आज खरीखुरी रंगीत तालीम. खाली झोप आणि ऊठ."

आत्याला खाली न्यायलाच इंजिनचा हात लागला. काउंटरच्या पुढे, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे चटई अंथरली होती. आत्या उताणी झाली, दोन्ही हात जमिनीवर रोवले आणि जोर लावला. चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा फुगल्या. पाठ चार बोटं उचलली गेली आणि धपकन परत खाली. पुन्हा जोर. पुन्हा धप. तिसऱ्यांदा तिनं पाय झाडले, तर चटईसकट ती गोल फिरली आणि डोकं दाराकडे गेलं.

"सोड," आत्या छताकडे बघत म्हणाली. "बाळला फोन लाव. खोके घेऊन ये म्हणावं."

"अगं पण तुझ्यात ताकद आहे! तू घड्याळ उचलतेस ते!"

"घड्याळ उचलते. स्वतःला उचलता येत नाही, त्याला काय करू?"

इंजिनला रडू येईल असं वाटलं आणि रडू येतंय याचा राग आला. ती आत्याशेजारी चटईवर आडवी झाली. बाहेरून सायकलची घंटी ऐकू आली.

"इथून दुकान किती वेगळं दिसतं ना," आत्या जरा वेळानं म्हणाली. "त्या दिवसापासून मी खाली आलेच नव्हते बघ. एकदाही."

इंजिननं मान वळवली. वर काउंटरवर डंबेल होते, व्यवस्थित मांडलेले. वर चहाचा डबा. वर खोकी, वर चपला. स्टूल ठोकळ्यांवर चढून बसलेलं. जमिनीवर काही म्हणजे काहीच नव्हतं. सगळ्यांनी मिळून, अगदी मायेनं, आत्याची आणि जमिनीची ताटातूट करून टाकली होती. आणि ज्या जागेवरून उठायचं, ती जागा सोडून इंजिननं तिला बाकी सगळीकडे बलवान केलं होतं. डंबेल काउंटरवर कुणी ठेवले होते? तिनंच.

त्या दिवशी जिममध्ये तिनं ट्रेनरताईला सगळं सांगितलं. ताई दांड्यावर चकत्या चढवत ऐकत होती. ऐकून झाल्यावर हसली.

"तू आत्याची लिफ्ट केलीस गं. वर, खाली. वर, खाली. लिफ्ट कितीही दणकट असू दे, तिला कुशीवर वळता येतं का?"

"मग काय, वजनं बंद करू?"

"वजनं बंद केलीस तर मीच येईन दुकानात. ती चालूच ठेवायची. पण त्यांच्या जोडीला वळणं, लोळणं, रांगणं, तोल सांभाळणं हे कुठे आहे? आमची वेळ संपली की मागच्या हॉलमध्ये पडझड सर येतात. त्यांच्याकडे घेऊन जा तिला."

पडझड सर म्हणजे ज्युदोचे सर. नवीन मुलांना ते कितीतरी दिवस फक्त पडायला शिकवायचे, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. सर किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे, आणि त्यांना हे नाव माहीत होतं. किंबहुना आवडायचं.

आत्या सैल पायजमा घालून आली. वर्गात बहुतेक बारकी पोरं. तिच्याकडे बघून एकानं विचारलं, "तुम्ही पण नवीन?"

"नवीन नाही, जुनीच. पण पडायला नवीन," आत्या म्हणाली.

"खोटं बोलू नका, पडून आलाय तुम्ही," सर म्हणाले. "पडायला येतंय, अर्धं काम झालं. आता घाई न करता उरलेलं करू."

त्यांनी तिला जोर लावूच दिला नाही. उताणं झोपायचं. एक गुडघा वाकवायचा, त्याच बाजूचा हात पलीकडे न्यायचा, मग खांदा, मग कंबर, आणि अंग आपोआप कुशीवर येतं. कुशीवरून कोपरावर. कोपरावरून हातावर, मग गुडघ्यांवर, रांगत्या बाळासारखं. तिथे थांबायचं, श्वास घ्यायचा. मग एक पाऊल पुढे आणि उभं. आणि हे सगळं उजवीकडून झालं की डावीकडून.

"उजवीकडून जमतंय ना? मग डावी कशाला?" आत्या कुरकुरायची.

"पडताना तुम्ही बाजू निवडून पडणार आहात का?" सर विचारायचे, आणि आत्या पुटपुटत डाव्या कुशीवर वळायची. डावी तिची नावडती ती नावडतीच राहिली.

इंजिन कडेला उभी राहून बघत होती. सरांनी तिलाही गादीवर बोलावलं आणि वर्गातल्या सगळ्यात चिमुरड्या मुलीला म्हणाले, "पाड हिला." इंजिननं पाय रोवले. आता ही काय पाडणार! मुलीनं तिची बाही धरली, काहीतरी वळली, आणि इंजिनला एकदम हॉलचे पंखे दिसले.

"ताई, तू खूप कडक उभी राहतेस," मुलीनं अगदी गंभीरपणे सांगितलं.

आत्या इतकी हसली की तिला खोकला लागला.

मग ट्रेनरताईनं यात स्वतःची भर घातली. उताणं झोपायचं, मूठ वर धरायची, मुठीवर बूट ठेवायचा, आणि तो न पाडता उभं राहायचं. एकच हात जमिनीला. इंजिननं पहिल्यांदा पोटाच्या जोरावर झटक्यात उठायला बघितलं, बूट थेट नाकावर. दुसऱ्यांदाही. आत्याला उठायला किती वेळ लागला विचारू नका, मध्येच एका गुडघ्यावर थांबून तिनं पडझड सरांच्या मिशांवर मत पण देऊन टाकलं. पण बूट हलला नाही. जन्मभर चिमट्यानं केसासारख्या स्प्रिंगा धरलेला हात तो.

"आपलं काय चुकलं सांगू," घरी येताना आत्या म्हणाली. "आपण चावी फुल्ल दिली. पण मधली चाकं साफच केली नव्हती. मग घड्याळ चालेल कसं? तरी शेवटी गुडघ्यावरून उभं राहताना ना, तिथे तुझ्या त्या उठाबशाच कामाला येतात हं. मांडी म्हणते, 'चला, हे मला येतं.'"

इंजिनला बरं वाटलं. फार बरं वाटलं, पण ती म्हणाली, "बघूया."

दुसऱ्या दिवशी तिनं डंबेल उचलून जमिनीवर ठेवले, भिंतीच्या कडेला. चहाचा डबा खालच्या खणात गेला. चपला जमिनीवर. स्टुलाचे ठोकळे तिनं काढून टाकले. आत्याला चहा हवा असेल तर वाक, डंबेल हवे असतील तर वाक. सकाळी वजनं, संध्याकाळी हॉलमध्ये लोळणं. आणि दुकान बंद करताना रेडिओ लावून दोघी नाचायच्या. हे आत्याचं स्वतःचं खूळ. तरुणपणी ती नाचात पुढे असायची म्हणे. दुकान एवढं अरुंद, की नाच आडवाच करावा लागायचा, खेकड्यासारखा. दोन पावलं डावीकडे, एका पायावर गिरकी, दोन पावलं उजवीकडे. गिरकीत पहिल्यांदा आत्या काउंटर धरायची. मग नुसतं बोट टेकवायची. मग बोटही सुटलं.

एक गोष्ट मात्र इंजिनच्या लक्षात आली होती. काउंटरच्या मागे, जिथे आत्या पडली होती, तिथे ती कधी खाली बसायची नाही. तालीम करायची ती काउंटरच्या पुढे, नाहीतर हॉलमधल्या गादीवर. मागे एखादी वस्तू पडली तर ती पायानं सरकवत पुढे आणायची आणि मग उचलायची. इंजिननं ते तसंच सोडून दिलं. तिला वाटलं, काका काय, पुढेच बघतील.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी काका आले. हातात घडी घातलेले पुठ्ठ्याचे खोके. आत येताच ते डंबेलना अडखळले.

"हे जमिनीवर कुणी ठेवलं? ठोकळे कुठे गेले स्टुलाचे?"

"नंतर सांगते," इंजिन चटई अंथरायला लागली.

"तिथं नको," काका म्हणाले. त्यांनी खोके भिंतीला टेकवले आणि काउंटरच्या मागे बोट दाखवलं. "ताई, जिथं पडलीस तिथं. पुढे ऐसपैस जागा आहे, इथं कुणीही उठेल. पडलीस तू तिकडे."

इंजिननं चटई परत गुंडाळली. तिनं आत्याकडे बघितलं. आत्यानं चष्मा काढून काउंटरवर ठेवला, बाह्या दुमडल्या आणि म्हणाली, "बाळ बरोबर बोलतोय."

ती मागे गेली. उभ्याची बसती झाली, कुणाचा हात न धरता, आणि बसतीची आडवी. काका काउंटरच्या एका टोकाशी आणि इंजिन दुसऱ्या टोकाशी उभी राहून खाली बघत होते.

आत्यानं नेहमीसारखा उजवीकडे वळायला गुडघा वाकवला. पण उजवीकडे काउंटर. गुडघा फळीवर आपटला. तिनं अंग चोरून परत बघितलं, कोपरापर्यंत आली, पण पाय आत घ्यायला जागाच नव्हती. कोपर घसरलं. आत्या परत पाठीवर.

"झालं," काका हळूच म्हणाले आणि वाकले. "ये, हात दे."

"हात लावायचा नाही!" इंजिन ओरडली. आणि ओरडल्यावर तिला कळलं की तिचेही दोन्ही हात पुढे गेलेत. एका दमात उचललं असतं तिनं. काहीच अवघड नव्हतं. ते न करणंच अवघड होतं, कुठल्याही दांड्यापेक्षा. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि आपलंच मनगट आपल्या मुठीत घट्ट पकडलं.

"घाई काय दोघांना," खालून आत्या म्हणाली. "दम खाऊ द्या की जरा. मी कुठे पळून जातेय?"

ती छताकडे बघत पडून राहिली. काकांनी घड्याळाकडे बघितलं, ते इथे कुठेही बघितलं तरी दिसतंच. आत्यानं मान डावीकडे केली. कपाटाकडे. खालचे खण रिकामे करताना बाबांनी कपाटाच्या पायांपाशी ठोकलेली आडवी फळी काढली होती, त्यामुळे पायांमधली फट मोकळी झाली होती.

"अगंबाई," आत्या म्हणाली.

"काय झालं? दुखतंय?"

"चकाकतंय काहीतरी."

आणि ती डावीकडे वळली. नावडत्या बाजूला. डावा पाय पसरलेला, उजवा गुडघा वाकवलेला, उजवा हात फटीकडे लांब केला तसा खांदा गेला, खांद्यामागून कंबर गेली आणि ती अलगद कुशीवर आली. हात कपाटाखाली कोपरापर्यंत आत. जीभ दातांत धरून तिनं चाचपलं. मग हात बाहेर आला तो अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटलेली.

आता ती चिमूट सोडायची नाही, हे कुणी सांगायला नको होतं. उजवा हात तिनं वर धरला, बूट धरायची तसा. डावं कोपर जमिनीवर. मग डावा तळहात. मग गुडघे खाली आले. तिथे ती थांबली आणि श्वास घेतला. कपाटाच्या बाजूला एका पावलापुरती जागा होती, तिथे पाऊल आलं. मांडी थरथरली, इंजिनला ती पायजम्यातून दिसली, आणि आत्या उभी राहिली. काउंटरला तिच्या सदऱ्याची कड काय, बोटसुद्धा लागलं नव्हतं. चिमूट हवेत तशीच.

"ताई!" काकांचा आवाज चिरकला. "अगं, उठलीस तू!"

"हो हो, थांब जरा." आत्यानं डाव्या हातानं भिंग डोळ्याला लावलं आणि चिमटीतली वस्तू उजेडात धरली. इंजिन श्वास रोखून बघत होती. आत्याचा चेहरा पडला.

"हा तो नाही."

"काय तो नाही?"

"स्क्रू रे! हा कुठल्यातरी गजराच्या घड्याळाचा. त्या माणसाचं घड्याळ तेव्हापासून खणात पडून आहे माझ्याकडे." तिनं स्क्रू काचेच्या डबीत टाकला आणि कुणी काही बोलायच्या आत ती परत खाली बसली. सरळ गुडघ्यांवर, मग कोपरांवर, गाल जवळजवळ फरशीला. "इंजिन, टॉर्च दे. अजून दोन-तीन दिसतायत आत. बाबांना सांग तुझ्या, फळी काढली हे बेस्ट केलं."

काका खोक्यांकडे बघत उभे राहिले. मग आत्याकडे. मग त्यांनी पॅन्ट गुडघ्यांपाशी जरा वर ओढली आणि कण्हत कण्हत खाली बसले.

"कसा दिसतो तो?"

"तिळाच्या निम्मा. निळसर. हात फिरवू नकोस रे, ढकलशील आत!"

"मी काही फिरवत नाहीये. पण ताई, एक सांग, मला यातून उठायचं कसं?"

"ते नंतर. आधी स्क्रू. उठायचं शिकवणारी वर उभी आहे."

वर उभी असलेली एव्हाना वर नव्हतीच. ती काउंटरच्या पुढच्या बाजूनं पोटावर झोपून खालच्या फटीतून टॉर्च मारत होती आणि तिला पलीकडून काकांचं टक्कल आणि आत्याचे दोन डोळे दिसत होते.

दारात कुणाचीतरी चाहूल लागली. इंजिनच्या पायांपाशी दोन चकचकीत बूट येऊन थांबले.

"कुणी आहे का दुकानात?"

"थोड्या वेळानं या," काउंटरच्या मागून आत्याचा ठणठणीत आवाज आला, "कामात आहे!"